लशीच्या चाचणीत मुलाला सहभागी करावे की नाही: गोव्यातील पालकांसाठी निर्णयाचा क्रम

लहान मुलांवरील लशीच्या चाचणीचे बोलावणे येते तेव्हा बहुतेक पालक उत्तर आधी ठरवतात आणि माहितीपत्रक नंतर वाचतात, किंवा वाचतच नाहीत. काहींचा होकार ओळखीच्या डॉक्टरांवरच्या विश्वासातून येतो, तर काहींचा नकार ‘प्रयोग’ हा शब्द कानी पडताच तयार होतो. दोन्ही उत्तरे बरोबर असू शकतात; मात्र ज्या क्रमाने ती काढली जातात, तो क्रम चुकीचा असतो. पुढच्या पायऱ्या निरोगी मुलाला रोगप्रतिबंधक लस देऊन पाहणाऱ्या चाचणीपुरत्या आहेत. आजारी मुलावर नव्या औषधाची चाचणी होत असेल तर तिथला हिशेब वेगळा असतो आणि तो या लेखात मिसळू नये.

या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच घ्याव्यात, कारण प्रत्येक पायरीवर ‘इथेच थांबू’ असे म्हणण्याची मुभा आहे आणि आधी थांबल्यास पुढचा बराच ताप वाचतो.

पायरी १: बोलावणे नेमके कशाचे आहे ते ओळखणे

गोव्यात मुलांच्या लशीसंबंधी घरी येणारे कागद मुख्यतः तीन प्रकारचे असतात. पहिला प्रकार नेहमीच्या राष्ट्रीय लसीकरणाचा. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा अंगणवाडीत परिचारिका देते ती लस या प्रकारात मोडते. दुसरा प्रकार मान्यता मिळालेल्या लशीच्या मोहिमेचा, ज्याची चिठ्ठी अनेकदा शाळेतून येते. तिसरा प्रकार चाचणीचा. पहिल्या दोन प्रकारांत लशीची परिणामकारकता व सुरक्षितता आधीच तपासलेली असते आणि ती आपल्या मुलाला संरक्षण मिळावे म्हणून दिली जाते. चाचणीत मात्र एका प्रश्नाचे उत्तर शोधले जाते, आणि आपले मूल ते उत्तर मिळवण्यात सहभागी होते. संरक्षण मिळेलही, पण ते गृहीत धरता येत नाही.

हा फरक पालकांच्या हातून सर्वांत अधिक वेळा निसटतो. ‘बाजारात यायच्या आधी आमच्या मुलाला फुकट लस मिळते आहे’ ही समजूत घेऊन सही झाली की पुढचे सगळे गैरसमज तिच्यातूनच निघतात. अनेक चाचण्यांत मुलांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे यादृच्छिक गट पाडले जातात; एका गटाला नवी लस मिळते आणि दुसऱ्या गटाला प्लासिबो म्हणजे औषधी गुण नसलेले द्रव्य किंवा दुसऱ्याच एखाद्या रोगाची लस दिली जाते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने उत्पादित केलेल्या आर-२१ या हिवतापावरील लशीची आफ्रिकेतील चार देशांत मुलांवर मोठी चाचणी झाली, तेव्हा तुलनेच्या गटातील मुलांना रेबीजची लस देण्यात आली होती. सर्व चाचण्या अशाच बेतल्या जातात असे नाही. कोव्हॅक्सिनच्या २ ते १८ वर्षे वयोगटावरील चाचणीला मे २०२१ मध्ये ५२५ मुलांपुरती परवानगी मिळाली. तीत प्लासिबोचा गट नव्हता, आणि आधी १२ वर्षांवरील, मग ६ ते १२ आणि शेवटी २ ते ६ वर्षांची मुले अशा उतरत्या वयाने भरती झाली. म्हणूनच ‘माझ्या मुलाला खरी लस मिळण्याची शक्यता किती, आणि ती मिळाली नाही तर काय टोचले जाईल’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा.

पडताळणी: कागदावर ‘संशोधन’, ‘सहभागी’, ‘प्रायोजक’ (चाचणी करवून घेणारी कंपनी किंवा संस्था), ‘नियंत्रण गट’ (तुलनेचा गट) यांपैकी शब्द असतील आणि सोबत अनेक पानांचे माहितीपत्रक असेल, तर ती चाचणी समजावी. शब्दांवरून उलगडा झाला नाही, तर आपल्या आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना कागद दाखवून सरळ विचारावे.

सावधान: चाचणीचे बोलावणे शाळेमार्फत आले तरी संमती पालकांचीच लागते. मुख्याध्यापक, वर्गशिक्षक किंवा वसतिगृहाचे अधीक्षक हे केवळ त्या पदामुळे मुलाचे कायदेशीर पालक ठरत नाहीत. २००९-१० मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लशीच्या अभ्यासात आश्रमशाळांतील अनेक मुलींच्या संमतीपत्रांवर वसतिगृह अधीक्षकांच्या आणि मुख्याध्यापकांच्या सह्या आढळल्या, आणि संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात त्यावर कठोर ताशेरे ओढले. आपल्या शाळेतून कोणी ‘सरसकट संमती’ मागत असेल, तर लेखी नकार देऊन चाचणीचे मूळ कागद मागावेत.

पायरी २: घरची तयारी

संशोधकांना भेटण्याआधी मुलाचे माता-बाल संरक्षण कार्ड शोधून काढावे. ते म्हापशाच्या किंवा मडगावच्या इस्पितळातील जुन्या फायलीत राहिले असेल, तर आरोग्य केंद्राच्या नोंदवहीतून दिलेल्या डोसांच्या तारखा लिहून घ्याव्यात. त्यानंतर एका कोऱ्या कागदावर पुढील गोष्टी टिपाव्यात: मूल मुदतीपूर्वी जन्मले होते का, पूर्वीच्या लशीनंतर अंगावर पित्त उठणे, झटका येणे किंवा खूप ताप चढणे असे काही झाले होते का, औषधांची अथवा अन्नाची ॲलर्जी आहे का, दमा आहे का, स्टेरॉइड चालू आहे का, पूर्वी रक्त चढवले होते का, आणि घरात कुणाला जन्मतः प्रतिकारशक्तीचा विकार आहे का. चाचणीत कोणाला घ्यायचे आणि कोणाला वगळायचे याचे निकष ठरलेले असतात. ते मुलाच्या सुरक्षिततेसाठी असतात. ‘हे सांगितले तर घेणार नाहीत’ म्हणून दमा लपवणारे पालक नेमके त्याच मुलाला धोक्यात लोटतात, ज्याला वगळणे योग्य ठरले असते.

दुसरी तयारी दिनदर्शिकेची, आणि ती जवळजवळ कोणीच करत नाही. लशीच्या चाचणीत भेटी ठरलेल्या दिवसांच्या खिडकीत, म्हणजे अमुक ते अमुक तारखेच्या दरम्यानच, कराव्या लागतात. ती खिडकी चुकली तर डोस किंवा रक्ताचा नमुना निकामी ठरू शकतो. म्हणून भेटींचे वेळापत्रक मागवून ते घरच्या कॅलेंडरवर उतरवावे आणि चतुर्थीचे दिवस, वार्षिक परीक्षा, मे महिन्यात आजोळी जाणे, पावसात बंद पडणारे रस्ते या सगळ्यांशी ताडून पाहावे. काणकोण किंवा सत्तरीतून बांबोळीला, गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात (गोमेकॉ), जाऊन येण्यात पालकाचा अख्खा दिवस जातो. दिवाडी बेटावरच्या लोकांना त्यात फेरीबोटीची वेळही धरावी लागते. येत्या वर्षभरात कुटुंब आखातात किंवा इंग्लंडला स्थायिक होण्याची शक्यता असेल, तर ते आत्ताच सांगावे. अशा घराने नम्रपणे नकार देणे अधिक प्रामाणिक ठरते, असे माझे मत आहे.

सावधान: चाचणीसाठी म्हणून नेहमीची लस पुढे ढकलू नये. नवव्या महिन्यातील गोवर-रुबेलाचा डोस किंवा सोळा ते चोवीस महिन्यांतील बूस्टर जवळ आला असेल, तर तो चाचणीच्या आधी घ्यायचा की नंतर, आणि मध्ये किती अंतर हवे, हे संशोधकांकडून लेखी घ्यावे. या प्रश्नावर ‘बघू नंतर’ असे उत्तर मिळाले, तर पुढे जाऊ नये.

पायरी ३: तीन परवानग्या तपासणे

भारतात नव्या लशीच्या चाचण्या ‘नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियम, २०१९’ यांखाली होतात. त्यांसाठी भारताच्या औषध महानियंत्रकांची परवानगी लागते, जिथे लस टोचली जाणार त्या केंद्रासाठी नोंदणीकृत एथिक्स कमिटीची (सहभागींचे हक्क आणि सुरक्षितता जपली जाते का हे पाहणाऱ्या समितीची) मंजुरी लागते, आणि पहिल्या सहभागीची भरती होण्याआधी चाचणीची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ या सार्वजनिक नोंदवहीत व्हावी लागते. ही नोंदवही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद चालवते, २००९ पासून तीत नोंद करणे बंधनकारक आहे, आणि ती कोणालाही मोबाईलवर विनामूल्य पाहता येते.

संशोधकांकडून नोंदणी क्रमांक मागून ते पान उघडावे. इंग्रजी वाचण्यात अडचण असेल, तर महाविद्यालयात शिकणाऱ्या कुणा नातेवाइकाला शेजारी बसवावे. त्या पानावर चार ठिकाणे पाहावीत: वयोगट आपल्या मुलाला लागू आहे का, केंद्रांच्या यादीत आपल्याला बोलावणारे इस्पितळ आहे का, त्या इस्पितळाच्या एथिक्स कमिटीपुढे ‘मंजूर’ अशी नोंद आहे की केवळ ‘सादर’, आणि औषध महानियंत्रकांच्या परवानगीची स्थिती काय आहे.

छोट्या खाजगी इस्पितळाची स्वतःची एथिक्स कमिटी नसणे हा आपोआप दोष ठरत नाही. नियमांनुसार त्याच शहरातील किंवा ५० किलोमीटरच्या परिघातील दुसरी नोंदणीकृत कमिटी ते काम पाहू शकते. मात्र तिचे नाव आणि संपर्क माहितीपत्रकावर छापलेले असले पाहिजेत. कमिटीत किमान सात सदस्य असावे लागतात, त्यांतील निम्मे तरी त्या संस्थेशी संबंधित नसावे लागतात, आणि त्यांत एक कायदेतज्ज्ञ, एक सामान्य नागरिक व किमान एक स्त्री सदस्य असते. पालकांनी कमिटीला थेट फोन करून प्रश्न विचारणे हा त्यांचा हक्क आहे, आणि तो वापरताना संकोच करण्याचे कारण नाही.

सावधान: नोंदवहीत नाव आहे म्हणजे सरकारने लस सुरक्षित असल्याची हमी दिली, असा अर्थ होत नाही. नोंद ही पारदर्शकतेसाठी असते. उलट, नोंद सापडलीच नाही किंवा आपले केंद्र यादीत नाही, तर निर्णय तिथेच संपतो.

पायरी ४: माहितीपत्रक घरी आणून वाचणे

संपूर्ण प्रक्रियेत सर्वाधिक वेळ या पायरीला द्यावा. माहितीपत्रक पालकांना समजणाऱ्या भाषेत देणे बंधनकारक आहे. गोव्यात ते मराठीत किंवा कोकणीत मागावे. ज्यांना रोमी लिपीतली कोकणी वाचायची सवय आहे किंवा ज्यांची भाषा कन्नड आहे, अशा शेजाऱ्यांनीही आपली गरज सांगावी. इंग्रजी पत्रक हातात देऊन ‘मी तोंडी सांगतो’ असे म्हणणे पुरेसे नाही. पत्रक घरी नेण्यास कोणी नकार दिला, तर त्या नकारालाच उत्तर समजावे.

पत्रक पहिल्या पानापासून वाचू नये, असा माझा आग्रह आहे. सुरुवातीची पाने उद्देशाची असतात आणि ती वाचून मन भारावते. आधी ‘माझ्या मुलाचे काय काय केले जाईल’ तो भाग वाचावा, मग धोके, मग इजा झाल्यास उपचार व भरपाई, त्यानंतर माघारीचा हक्क, आणि सर्वांत शेवटी फायदे.

कार्यपद्धतीच्या भागात सुयांची संख्या मोजावी. किती डोस, किती वेळा रक्त, प्रत्येक वेळी किती मिलिलिटर, नाकातून किंवा घशातून नमुना घेणार का, शौचाचा नमुना लागणार का, हे सर्व लिहिलेले असते. रक्ताच्या आकड्याने पालक घाबरतात, म्हणून एक प्रमाण ध्यानात ठेवावे: तान्ह्या व लहान मुलाच्या अंगात दर किलो वजनामागे साधारण ७५ ते ८० मिलिलिटर रक्त असते, म्हणजे दहा किलोच्या बाळात जवळपास ८०० मिलिलिटर. एका वेळचे तीन ते पाच मिलिलिटर त्या मानाने अल्प आहे. तरीही सगळ्या भेटींची बेरीज विचारावी, आणि शीर सापडली नाही तर एका भेटीत किती वेळा टोचून पाहणार याची मर्यादाही विचारावी. मुलाच्या दृष्टीने हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोठा असतो.

धोक्यांच्या भागात दुखणे, सूज, ताप, चिडचिड ही यादी बहुधा सगळीकडे सारखी असते. तिच्यावर न अडकता तीन प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. ही लस आजवर किती प्रौढांना आणि किती मोठ्या मुलांना दिली गेली? त्यांच्यापैकी कुणाला गंभीर त्रास झाला, आणि तो लशीमुळेच झाला की नाही हे कोणी ठरवले? लस घेतलेल्या मुलाला पुढे तोच रोग झाला, तर तो अधिक तीव्र होण्याची शक्यता अभ्यासली आहे का? तिसरा प्रश्न विशेषतः डेंग्यूच्या लशीबाबत टाळू नये. डेंगव्हॅक्सिया या लशीच्या चाचण्यांतील मुलांवर काही वर्षे लक्ष ठेवले गेले, म्हणूनच पुढे हे उघड झाले की ज्यांना पूर्वी कधी डेंग्यू झालेला नव्हता त्यांच्यात लशीनंतर तीव्र डेंग्यूचा धोका वाढतो. कंपनीने नोव्हेंबर २०१७ मध्ये ते जाहीर केले, पण तोवर फिलिपिन्समध्ये लाखो शाळकरी मुलांना ती लस देऊन झाली होती. यातून गोव्यातील पालकाने एकच गोष्ट उचलावी: पाठपुरावा किती वर्षांचा आहे हे पाहावे, आणि तो शेवटपर्यंत पाळण्याची तयारी असेल तरच सही करावी.

रोग आपल्याकडे किती आढळतो, हेही याच वेळी तोलावे. डेंग्यू पणजीपासून वास्कोपर्यंत सर्वांच्या परिचयाचा आहे. माकडतापाची झळ मुख्यतः सत्तरीतील गावांना बसते. ज्या रोगाची गाठ पडण्याची शक्यता खरी आहे, त्याच्या चाचणीतला संभाव्य लाभही खरा असतो.

पैशांच्या भागात प्रवासखर्च आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई लिहिलेली असावी. तेवढे घेणे योग्य आहे. मोठ्या रकमेचे किंवा भेटवस्तूंचे आमिष दिसले, तर ते एथिक्स कमिटीला कळवावे.

पडताळणी: पत्रक मिटून ठेवावे आणि घरातील एका मोठ्या माणसाला, न पाहता, स्वतःच्या शब्दांत सांगावे की मुलाला काय टोचले जाईल, किती वेळा जावे लागेल, काय बिघडू शकते, बिघडले तर कोणाला फोन करायचा आणि मधेच सोडायचे असेल तर काय करायचे. ज्या मुद्द्यावर अडखळणे होते, तो पुढच्या भेटीतला प्रश्न.

पायरी ५: चाचणीबाहेरच्या डॉक्टरांचे मत

मुलाला नेहमी तपासणारे बालरोगतज्ज्ञ चाचणीत संशोधक नसतील, तर पत्रक आणि पायरी २ मधला कागद घेऊन त्यांच्याकडे जावे. तेच संशोधक असतील, तर मत दुसऱ्याकडून घ्यावे. यात त्यांच्या सचोटीवर शंका नसते. एकाच माणसाला आपला डॉक्टर आणि चाचणीचा प्रमुख अशा दोन्ही भूमिकांतून सल्ला देता येत नाही, इतकेच. ‘तुम्ही सांगाल तसे करू, डॉक्टर’ हे वाक्य इथे वापरू नये. ‘या मुलाच्या प्रकृतीत न बसणारे यात काही आहे का’ असे विचारावे.

पायरी ६: घरातला निर्णय आणि मुलाचे मत

नियमाने एका पालकाची सही अनेकदा पुरते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मुलांविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, जोखीम किमान असेल किंवा मुलाला थेट लाभाची शक्यता असेल तर एका पालकाची संमती चालते. जोखीम त्याहून अधिक आणि थेट लाभ नाही, अशा अभ्यासात दोघांची संमती घ्यावी लागू शकते. कागदोपत्री एक सही चालत असली, तरी घरात दोघांचे एकमत असल्याशिवाय पुढे जाऊ नये. वडील तारवटी (जहाजावर नोकरी करणारे) असतील आणि जहाज किनाऱ्याला लागायला महिने असतील, तर पत्रकाचे फोटो पाठवून व्हिडिओ कॉलवर सविस्तर बोलावे. मुलाला ताप आल्यावर ‘तुला कोणी विचारले होते’ हा वाद सुरू झाला की त्यात मुलाची काळजी मागे पडते. पालक विभक्त असतील, तर ताबा कोणाकडे आहे याचा कागद सोबत न्यावा. आजी-आजोबांचे ऐकावे, सही मात्र त्यांची चालत नाही, कायदेशीर पालकत्व त्यांच्याकडे असेल तर गोष्ट वेगळी.

आता मुलाविषयी. त्याच मार्गदर्शक तत्त्वांत सात वर्षांपासून पुढच्या मुलाची तोंडी संमती आणि बारा ते अठरा वयात स्वतंत्र लेखी संमती अपेक्षित आहे. ही औपचारिकता नव्हे. सातवीतल्या मुलीने ‘मला नको’ म्हटले, तर निरोगी मुलाच्या लशीच्या चाचणीत तो नकार अंतिम मानावा, मग पालकांना कितीही पटलेले असो. मुलाशी बोलताना ‘डॉक्टरकाका एकदाच टोचतील’ असे खोटे सांगू नये. किती सुया, किती महिने, आणि नको वाटले तर कोणाला सांगायचे, एवढे त्याला समजेल अशा शब्दांत सांगून ते त्याच्याकडून पुन्हा वदवून घ्यावे. किशोरवयीन मुलाला संशोधकांशी काही मिनिटे एकट्याने बोलायचे असेल, तर बोलू द्यावे.

सावधान: भाऊबहीण दोघांनाही बोलावणे असेल, तरी निर्णय प्रत्येकासाठी वेगळा घ्यावा. एकाची प्रकृती आणि एकाचा होकार दुसऱ्याला लागू होत नाही.

पायरी ७: सहीचा दिवस

पहिल्या माहितीच्या दिवशीच सही करू नये. सहीच्या दिवशी मुलाला ताप, खोकला किंवा जुलाब असेल, तर भेट पुढे ढकलण्यास सांगावे. पालकाला वाचता येत नसेल, तर चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार संपूर्ण संभाषणभर हजर असावा लागतो आणि तोही सही करतो. केंद्रातील कर्मचाऱ्याने ऐनवेळी साक्षीदार म्हणून सही करणे योग्य नव्हे. संमतीच्या संभाषणाचे ध्वनिचित्रमुद्रण होऊ शकते, कारण मुलांसारख्या असुरक्षित सहभागींबाबत काही प्रकारच्या चाचण्यांत ते बंधनकारक आहे. कॅमेऱ्यासमोर अवघडून ‘हो, समजले’ म्हणण्यापेक्षा आपले प्रश्न तिथेच पुन्हा विचारावेत, म्हणजे त्यांची उत्तरेही नोंदली जातील.

संमतीपत्रात पालकांचा व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि नामनिर्देशित व्यक्तीचे नाव विचारलेले पाहून काहींना धस्स होते. नामनिर्देशन भरपाईच्या तरतुदीसाठी असते आणि तो नियमाने ठरलेल्या नमुन्याचाच भाग आहे. रिकाम्या रकान्यांवर सही करू नये, तारीख स्वतःच्या हाताने घालावी, आणि माहितीपत्रक व सही झालेले संमतीपत्र या दोहोंची प्रत घेतल्याशिवाय इस्पितळ सोडू नये.

पडताळणी: प्रत मिळाली का? चोवीस तास चालणारा फोन क्रमांक लावून पाहिला का? एथिक्स कमिटीचा क्रमांक वेगळा लिहून घेतला का?

पायरी ८: चाचणी चालू असताना

डोसानंतर सुमारे अर्धा तास केंद्रातच थांबवून ठेवतात. बस चुकेल म्हणून त्याआधी उठू नये. पुढचे काही दिवस भरायचे डायरी कार्ड त्याच दिवशी, थर्मामीटरने ताप मोजून भरावे. भेटीच्या आदल्या रात्री आठवून भरलेल्या आकड्यांनी आपल्याच मुलाची दुखणी नोंदीतून पुसली जातात. तापावर औषध देण्याआधी कोणते औषध, किती आणि केव्हा, हे केंद्राने लिहून दिलेले असावे.

इथली सर्वांत मोठी चूक न सांगण्याची आहे. मूल सायकलवरून पडून हाड मोडल्याने दाखल झाले, किंवा गॅस्ट्रोने एक रात्र मडगावच्या होस्पिसियो इस्पितळात काढावी लागली, तर ‘याचा लशीशी काय संबंध’ म्हणून पालक कळवत नाहीत. संबंध आहे की नाही हे ठरवणे पालकांचे काम नाही. चाचणीच्या काळात कोणत्याही कारणाने मूल इस्पितळात भरती झाले, तर ती गंभीर घटना गणली जाते, आणि संशोधकाने ती घडल्यापासून चोवीस तासांत औषध महानियंत्रक, प्रायोजक आणि एथिक्स कमिटी यांना कळवायची असते. तातडीच्या वेळी आधी १०८ ला फोन करावा, जवळच्या इस्पितळात जावे, आणि तिथल्या डॉक्टरांना चाचणीचे ओळखपत्र दाखवावे. मुलाला कोणत्या गटात काय टोचले हे बहुधा गुप्त ठेवलेले असते, पण उपचारासाठी ते कळणे आवश्यक असेल, तर ते तातडीने उघड करण्याची सोय चाचणीत ठेवलेली असते.

खर्चाविषयी नियम पालकांच्या बाजूचे आहेत. चाचणीच्या काळात इजा झाली, तर संशोधकाच्या मते जोवर गरज आहे तोवर, किंवा इजा चाचणीमुळे झालेली नाही असे सिद्ध होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तिथवर उपचार विनामूल्य द्यायचे असतात. इजा चाचणीमुळे झाल्याचे ठरले, तर भरपाई त्याहून वेगळी मिळते. मृत्यूच्या भरपाईचे सूत्र ८ लाख रुपयांची पायाभूत रक्कम धरून वय व जोखीम यांच्या गुणकांवर चालते, आणि आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रायोजकाने ती रक्कम द्यायची असते. म्हणून अशा उपचारासाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड पुढे करण्याची घाई करू नये, आणि स्वतःच्या खिशातून बिल भरावे लागले तर प्रत्येक पावती जपून ठेवावी.

सावधान: भेटींच्या दरम्यान आरोग्य केंद्रात किंवा खाजगी दवाखान्यात दुसरी कोणतीही लस द्यायची वेळ आली, तर आधी चाचणीच्या केंद्राला कळवावे. कुत्रा चावल्यावरची रेबीजची लस मात्र कुणाची वाट न पाहता घ्यावी आणि नंतर कळवावे.

पायरी ९: मधेच बाहेर पडणे आणि चाचणीचा शेवट

कारण न देता केव्हाही बाहेर पडता येते, आणि त्यामुळे गोमेकॉतील किंवा अन्य कोणत्याही इस्पितळातील मुलाच्या नेहमीच्या उपचारांवर परिणाम होता कामा नये. मात्र फोन उचलणे बंद करून नाहीसे होणे ही बाहेर पडण्याची वाईट रीत आहे. दोन ओळींचे पत्र द्यावे, त्याची पोच घ्यावी, आणि डोस घेऊन झाला असेल तर निदान सुरक्षिततेच्या तपासण्या चालू ठेवण्याचा पर्याय विचारावा. तोवर घेतलेले रक्ताचे नमुने पुढे कशासाठी वापरणार, हेही त्याच वेळी लेखी विचारावे. चाचणी दीर्घ असेल आणि मुलाला मधेच अठरा वर्षे पूर्ण झाली, तर पुढच्या सहभागासाठी त्याची स्वतःची संमती नव्याने घ्यावी लागते. तेव्हा ‘आम्ही आधीच सही केली आहे’ असे म्हणून त्याच्या वतीने बोलू नये.

शेवटच्या भेटीत मुलाला प्रत्यक्षात काय मिळाले हे बहुधा सांगता येत नाही, कारण सर्व केंद्रांचे काम संपेपर्यंत गट उघड केले जात नाहीत. ते केव्हा व कोणत्या मार्गाने कळेल, तुलनेच्या गटातील मुलांना लस मान्य झाल्यावर ती देणार का, आणि चाचणीचे निष्कर्ष पालकांना कोण कळवणार, या तिन्हींची उत्तरे त्याच दिवशी लिहून घ्यावीत. पत्ता किंवा फोन बदलला, तर केंद्राला कळवत राहावे. गट कळल्यावर मिळालेल्या लशीचे नाव, बॅच आणि तारखा मुलाच्या लसीकरण कार्डावर डॉक्टरांकडून नोंदवून घ्याव्यात, आणि संपूर्ण फाईल मुलाच्या जन्मदाखल्यासोबत ठेवावी; पुढे तीच लस शाळेत किंवा आरोग्य केंद्रात आली, तर आणखी डोस द्यायचा की नाही हे ठरवताना डॉक्टर सर्वप्रथम त्या नोंदी मागतील.